पाऊस तीन महिने लांब, मग येऊरला पालवी फुटते कुठल्या पाण्यावर?

मागच्या मार्चमध्ये आमच्या इमारतीतल्या काकूंना घेऊन मी ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात गेलो होतो. काकू मूळच्या शहापूरकडच्या, शेतात वाढलेल्या. उपवन तलाव मागे टाकून चढ चढलो, वनखात्याच्या नाक्यावरून आत शिरलो आणि दहा-पंधरा मिनिटं चाललो असू. पायाखाली पाचोळा कुरकुरत होता, ओढा ठणठणीत कोरडा होता, सागाची झाडं उघडीबोडकी उभी होती. त्या सगळ्या करड्या पसाऱ्यात एकच कुसुंब शेंड्यापासून खालपर्यंत लालभडक पालवी लेऊन उभा. काकू त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पावसाला अजून तीन महिने आहेत रे. गावाकडे विहिरी तळाला गेल्या. आणि ह्याला पालवी फुटते ती कुठल्या पाण्यावर?"

मला वाटतं, आपल्याकडचा वसंत समजून घ्यायचा तर याच प्रश्नापासून सुरुवात करायला हवी. शाळेच्या पुस्तकात आपण वाचलं की वसंत येतो, झाडांना पालवी फुटते, कोकिळा गाते. थंड देशांत हे सरळ आहे. बर्फ वितळतं, जमिनीत पाणी मुरतं, ऊब येते, म्हणून झाडं जागी होतात. आपल्याकडे नेमकं उलटं. फाल्गुन, चैत्र, वैशाख हे वर्षातले सगळ्यांत कोरडे महिने. पावसावरची शेती करणारा शेतकरी या काळात काही पेरत नाही. आणि जंगल मात्र याच दिवसांत फुलतं, पालवतं आणि पक्ष्यांच्या आवाजाने भरून जातं.

आधी जागा नीट समजून घेऊ. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे. त्याची एक बाजू बोरिवलीकडे उतरते आणि दुसरी ठाण्याकडे. ही ठाण्याकडची बाजू म्हणजे येऊर. इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आकडा ऐकून हे सदाहरित जंगल असावं असं वाटेल. पण तो जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. जमीन डोंगरउताराची, खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर. पाणी ओढ्यांवाटे बघता बघता निघून जातं. उरलेले आठ महिने जंगलाला त्या चार महिन्यांच्या शिल्लकीवर काढायचे असतात. म्हणून इथली बहुतेक झाडं पानझडी आहेत. फक्त ओढ्याकाठच्या सावलीत, जिथे ओल टिकते, तिथे बाराही महिने हिरवा पट्टा दिसतो.

आता काकूंच्या प्रश्नाकडे. झाडाचं पाणी सगळ्यांत जास्त जातं ते पानांतून. पानाच्या पाठीला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेण्यासाठी झाडाला ती उघडावी लागतात आणि उघडली की त्यांतून वाफ बाहेर पडत राहते. हिवाळ्याच्या अखेरीस जमीन सुकत जाते, मुळांकडून येणारं पाणी कमी होतं, पानांचा खर्च मात्र चालूच असतो. मग झाड पानं टाकून देतं. पान गळण्याआधी त्यातलं नत्र आणि इतर उपयोगी द्रव्यं झाड खोडात परत ओढून घेतं. देठाच्या बुडाशी बुचासारखा थर धरतो आणि पान गळतं. शिशिरातली पानगळ ती ही.

इथेच खरी गंमत आहे. आपल्या इमारतीचंच बघा. गच्चीवरच्या टाकीत पाणी येतंय करंगळीएवढ्या धारेने आणि खाली सगळ्या घरांचे नळ चालू आहेत. टाकी रिकामीच राहणार. सगळ्यांनी नळ बंद केले, तर त्याच बारीक धारेने टाकी रात्रीतून भरत येईल. पानं गाळणं म्हणजे एकाच वेळी हजारो नळ बंद करणं. मुळं खोलवरून थोडं थोडं पाणी ओढत राहतात, खर्च थांबलेला असतो आणि सुकत चाललेलं खोड पुन्हा ओलाव्याने भरतं. त्या भरलेल्या खोडाच्या जोरावर कळ्या आणि पालवीचे डोळे फुगतात. आपल्याला जे उघडंबोडकं, मेलेलं झाड वाटतं, ते आतून भरत असतं.

काही झाडांची टाकी मोठी असते. काटेसावर, पांगारा, पांढऱ्या सालीचा कांडोळ यांचं लाकूड मऊ आणि सच्छिद्र असतं आणि ते भरपूर पाणी धरून ठेवतं. म्हणून अंगावर एक पान नसतानाही ही झाडं फुलांनी लगडू शकतात. ऐनाची तऱ्हा निराळी. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल दिसली की ऐन ओळखावा. त्याच्या काही खोडांवर फुगवटा येतो, त्यात पाणी साठलेलं असतं आणि चीर दिली तर ते बाहेर येतं. जुन्याजाणत्या जंगलवासीयांना हे ठाऊक असतं. आपण मात्र हे नुसतं ऐकून घ्यावं. बघायला म्हणून सालीला हात लावू नये.

पाण्याचा हिशेब जमला, पण झाडाला वेळ कशी कळते? पाऊस लांब आहे, गारवा नुकता सरलाय, मग आत्ताच का? यात मोठा वाटा दिवसाच्या लांबीचा आहे. डिसेंबरच्या अखेरीस ठाण्यात दिवस साधारण ११ तासांचा असतो आणि जूनच्या अखेरीस सव्वातेरा तासांचा. २०-२१ मार्चच्या सुमारास दिवस-रात्र सारखे होतात आणि पुढे दिवस वाढत जातो. हा फरक थंड देशांच्या मानाने फार थोडा आहे, तरीही आपल्याकडच्या बऱ्याच झाडांना तो कळतो. पाऊस एखाद्या वर्षी उशिरा येतो, एखाद्या वर्षी लवकर. सूर्य मात्र वेळ चुकवत नाही. आपला पाडवा चंद्राच्या हिशेबाने मार्च-एप्रिलमध्ये मागेपुढे सरकतो आणि अधिक महिना त्याला पुन्हा ऋतूशी जुळवून आणतो. झाडांना तशी दुरुस्ती करावी लागत नाही. पाडव्याला गुढीवर बांधायला कडुनिंबाचा कोवळा डहाळा मिळतो, तो या दोन कालगणना एकमेकींच्या जवळ राहिल्यामुळे.

पण पावसाची वाट न बघता पालवी आणण्यात झाडाचा फायदा काय? दोन मोठे फायदे आहेत. एप्रिल-मेमध्ये आकाश स्वच्छ असतं, ऊन भरपूर मिळतं. जुलैमध्ये पान कितीही हिरवंगार असलं तरी वर दिवसच्या दिवस ढग असतात. पहिल्या सरीच्या दिवशी ज्याची पानं तयार आहेत, त्या झाडाचा एकही ओला दिवस वाया जात नाही. दुसरा फायदा अळ्यांपासून सुटकेचा. कोवळं पान मऊ आणि पौष्टिक, अळ्यांना सगळ्यांत आवडतं. पाऊस पडला की किड्यांची संख्या एकदम वाढते. त्याआधी पान फुटून, निबर होऊन बसलं तर बरंच वाचतं. सगळी झाडं असं करत नाहीत. साग पावसाची चाहूल लागेपर्यंत पानं धरत नाही आणि फुलतोही पावसाळ्यात. एकाच उतारावर, एकाच मातीत उभी असलेली झाडं इतक्या वेगळ्या तऱ्हेने वागतात, हे मला अजूनही दरवर्षी नवं वाटतं.

कुसुंबाच्या लाल रंगाचं कारणही याच हिशेबात दडलंय. जांभळाला आणि कोकमाला जो रंग येतो, त्याच जातीचं रंगद्रव्य या पालवीत असतं. आंब्याची तांबूस पालवी आणि पिंपळाची गुलाबी पानं हीही याच कारणाने रंगलेली. पान हिरवं करणारं हरितद्रव्य झाडाला महाग पडतं, कारण ते आणि त्याच्या जोडीची यंत्रणा उभारायला नत्र लागतं. कोवळेपणी पान खाल्लं जाण्याचा धोका सर्वांत जास्त. तेव्हा आधी पान मोठं करायचं, जरा निबर होऊ द्यायचं आणि मग त्यात हिरवी भांडवली गुंतवणूक करायची, असा झाडाचा व्यवहार असावा, हे एक स्पष्टीकरण. कडक उन्हापासून कोवळ्या पेशींचं रक्षण होतं, हे दुसरं. दोन्ही एकत्र खरी असू शकतात. तीन-चार आठवड्यांनी तोच कुसुंब इतका साधा हिरवा होतो की शेजारून गेलात तरी ओळखणार नाही.

सावरीखाली अर्धा तास

आता पक्ष्यांकडे येतो. पहिल्यांदा जंगलात गेलेली मंडळी दुर्बीण घेऊन आवाजाच्या मागे धावतात आणि दोन तासांनी दमून, चार पक्षी धड न बघता परततात. मीही काही वर्षं तेच केलं. वसंतात एकच गोष्ट करा. फुललेली काटेसावर शोधा आणि तिच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर गुपचूप बसा. सकाळी सात ते साडेसात पुरे. पक्षी झाडाच्या वेळापत्रकावर चालतात, त्यामुळे झाड गाठलं की पक्षी आपोआप येतात.

सावर जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत फुलते. कोवळ्या खोडावर काटे, फांद्या जमिनीला समांतर पसरलेल्या आणि त्यांवर मुठीएवढी लाल फुलं. पाच जाड, मेणचट पाकळ्या, मध्ये पुंकेसरांचा झुबका, तळाला पेल्यासारख्या जागेत पातळ रस. यातली एकही गोष्ट उगाच नाही. मधमाशीला लाल रंग नीट ओळखता येत नाही. पक्ष्यांना तो उत्तम दिसतो. पानं नसल्यामुळे लांबून, उडता उडताही झाड नजरेत भरतं. पाकळ्या जाड आहेत कारण येणारं गिऱ्हाईक वजनदार आहे. मैना, बुलबुल, कावळा, कोतवाल बसले तरी फूल फाटत नाही. रस पातळ पण भरपूर, म्हणजे कोरड्या दिवसांत पाणी आणि साखर दोन्ही एकाच पेल्यात. रस प्यायला डोकं आत घातलं की पुंकेसरांचे पराग कपाळाला लागतात आणि पुढच्या झाडावर जातात. अंधार पडला की वटवाघळं येतात. फूल आपलं काम उरकतं आणि अख्खंच्या अख्खं खाली पडतं. पाचोळ्यात त्याचा टप् असा आवाज येतो. खालची फुलं माकडं आणि हरणं खातात. मे महिन्यात बोंडं उकलून सावरीचा कापूस वाऱ्यावर जातो. आपल्या आजीच्या उशीत असायचा तोच.

सावरीवर एक पाहुणा खास बघण्यासारखा असतो. पळसमैना. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. हिवाळ्यात या थव्यांनी आपल्याकडे येतात, पण उन्हाळ्यात अंडी घालतात ती मध्य आशियात. मार्च-एप्रिलमध्ये परतीच्या प्रवासापूर्वी त्या सावर, पांगारा, पळस यांच्यावर तुटून पडतात. कपाळावर पराग माखलेले असतात. शेकडो पक्ष्यांचा कलकलाट एका झाडावर चाललेला असतो आणि एप्रिल सरता सरता एका सकाळी तो थांबतो. एकाच ऋतूत कुणी घर बांधायला घेतलंय आणि कुणी घरी निघालंय. ठाण्याच्या खाडीत रोहितांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, थवे बघणाऱ्यांना ही निरोपाची गोष्ट ओळखीची वाटेल.

पळसाचं फूल मात्र सगळ्यांसाठी नाही. काळ्या मखमली कळीतून निघणारं केशरी फूल पोपटाच्या चोचीसारखं वाकडं असतं. ती चोच म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या पाकळ्यांची होडी आणि तिच्या आत पुंकेसर झाकलेले असतात. रस पाहिजे तर पक्ष्याने फुलावर जोर द्यायला हवा. जोर दिला की होडी उघडते आणि आतला पराग त्याच्या चोचीजवळच्या पिसांना लागतो. हे काम जांभळा शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी, फार चांगलं करतो. खारही करते. शिंजिराचा नर हिवाळ्यात मळकट पिवळा असतो, गळ्यावरून एक काळी रेघ गेलेली. फेब्रुवारी-मार्चपर्यंत त्याचा पिसारा बदलून काळ्या-निळ्या-जांभळ्या धातूसारखा चमकायला लागतो. पळसाला पाने तीनच, असं आपण म्हणतो. फुलं असताना मात्र ती तीनही पानं बहुधा झाडावर नसतात.

बांडगूळ आणि उंबर

मराठीत बांडगूळ ही शिवी आहे. दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या माणसाला आपण बांडगूळ म्हणतो. जंगलात मात्र हा शब्द वापरताना माझी जीभ अडखळते. आंब्यावर, ऐनावर वेगळ्याच पानांचा, लांबट नळीसारख्या फुलांचा गुच्छ दिसला तर तो बांडगुळाचा. ते झाडाच्या फांदीत मूळ खुपसून पाणी घेतं, हे खरं. पण त्यावर जगणाऱ्यांची यादी बघा. फुलटोच्या हा आपल्याकडच्या सर्वांत लहान पक्ष्यांपैकी एक, अंगठ्याएवढा. सारखं चिक् चिक् करत शेंड्यांवरून फिरतो आणि बांडगुळाची फळं गिळतो. फळातली बी डिंकासारखी चिकट असते. शौचातून बाहेर आली तरी अंगाची सुटत नाही. फुलटोच्या ती फांदीला घासून काढतो आणि घासतो तिथेच ती रुजते. बांडगुळाला हव्या त्या जागी, उंच फांदीवर बी लावून देणारा माळी मिळालेला असतो. शिंजीर त्याच्या फुलांवर येतात. आणि हळदीकुंकू नावाचं पिवळं-लाल ठिपक्यांचं फुलपाखरू आपली अंडी बांडगुळाच्या पानांवर घालतं, कारण त्याच्या अळ्या तेच खातात. चैत्रात घरोघरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू चाललेलं असताना जंगलात हे दुसरं हळदीकुंकू उडताना दिसलं की मला फार बरं वाटतं.

उंबराची गोष्ट मी सांगायला घेतली तेव्हा काकू वाटेतल्या दगडावर बसल्याच. क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण म्हणतो, तू म्हणजे अगदी उंबराचं फूल झालास. उंबराला फुलं असतात, भरपूर असतात, पण ती फळाच्या आत असतात. आपण ज्याला फळ म्हणतो तो फुलांनी आतून भरलेला बंद डबा. त्याच्या तोंडाशी एक बारीक भोक असतं. डासाहून लहान अशी एक गांधीलमाशी त्यातून आत घुसते, घुसताना तिचे पंख तुटतात, आतल्या फुलांवर ती बरोबर आणलेले पराग टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीचे नर बिनपंखांचे. ते माद्यांशी मीलन करतात, डब्याला बोगदा पाडतात आणि आयुष्यात एकदाही बाहेरचा उजेड नीट न बघता संपतात. माद्या पराग घेऊन त्या बोगद्यातून उडतात. फोडलेल्या उंबरातून उडणारी केंबरं म्हणजे ही मंडळी आणि त्यांचे भाऊबंद.

आता महत्त्वाचं असं की बाहेर पडलेल्या मादीकडे फार तर एक-दोन दिवस असतात. तेवढ्यात तिला योग्य अवस्थेतलं दुसरं उंबर सापडलं पाहिजे. म्हणून परिसरातली सगळी उंबरं एकाच महिन्यात फळली तर चालणार नाही. एक झाड आज, दुसरं पुढच्या महिन्यात, तिसरं त्यानंतर. त्या इवल्या माशीच्या घाईमुळे जंगलात वर्षभर कुठे ना कुठे उंबर पिकलेलं असतं. कोरड्या मार्चमध्ये, करवंदं अजून हिरवीही झालेली नसताना, हरियाल, तांबट, बुलबुल, कोकीळ यांचं पोट या उंबरांवर आणि वड-पिंपळांवर चालतं. हरियाल हा आपला राज्यपक्षी. पिवळे पाय, हिरवट-पिवळं अंग, पानांत बसला की शोधूनही सापडत नाही. पिंपळाची पानं गळालेली असताना बघा, वरच्या फांद्यांवर सकाळच्या उन्हात थवा बसलेला सापडेल.

आता आवाज. चैत्रात जंगल इतकं का गातं, याचं उत्तर पुन्हा दिवसाच्या लांबीत आहे. पक्ष्यांना उजेड फक्त डोळ्यांनी कळत नाही. कवटीतून आत झिरपणारा प्रकाश त्यांच्या मेंदूतल्या काही पेशी थेट ओळखतात. दिवस वाढला की त्या पेशींमुळे संप्रेरकांची साखळी सुरू होते. एरवी उडताना वजन नको म्हणून आकसून राहिलेले प्रजननाचे अवयव वाढतात आणि नर गायला लागतो. एका गाण्यात दोन निरोप असतात. इतर नरांना, ही जागा माझी. मादीला, मी इथे आहे. एरवी अंगणात मुकाट फिरणारा दयाळ फेब्रुवारीनंतर पहाटे अँटेनाच्या टोकावर बसून अर्धा अर्धा तास शीळ घालतो, ती याचसाठी.

तांबट तर भर दुपारीही थांबत नाही. टुक् टुक् टुक्, मिनिटाला शंभराच्या वर, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा. त्यावरूनच नाव पडलं. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळावर आणि गळ्याखाली लाल टिळा. ओरडताना त्याची चोच मिटलेली असते आणि गळा फुगत-बसत असतो. घरटं करायला त्याला वाळलेली, किडकी फांदी लागते. तिच्यात तो चोचीने गोल भोक पाडतो, बहुतेकदा फांदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे पावसाचं पाणी आत जात नाही. आपण मे महिन्यात सोसायटीतल्या सगळ्या वाळक्या फांद्या सरसकट तोडून घेतो. खाली माणसं वावरतात तिथे ते समजू शकतं. पण कोपऱ्यातल्या, कुणाच्या डोक्यावर न येणाऱ्या फांदीत भोक दिसलं तर ती तेवढी राहू द्या.

कोकिळेविषयी एक दुरुस्ती करतोच. गाते ती कोकिळा नव्हे, गातो तो कोकीळ, काळाकुट्ट, लाल डोळ्यांचा नर. मादी तपकिरी, अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची, आणि तिचा आवाज किक् किक् किक् असा कर्कश. तो हिवाळ्यात कुठे जातो असं लोक विचारतात. कुठेही जात नाही, इथेच गप्प बसून फळं खात असतो. कावळ्यांची घरटी बांधायची वेळ झाली की त्याचा कंठ फुटतो, कारण कोकिळेची अंडी कावळ्याच्या घरट्यात जायची असतात. कोकिळेचं अंडं कावळ्याच्या अंड्यापेक्षा लहान असतं आणि आधी उबतं. पिल्लू पुढे जातं, आणि कावळे त्याला आपलं समजून भरवत राहतात.

या सगळ्या गडबडीच्या मुळाशी पिल्लांची भूक आहे. बुलबुल फळं खाणारा, चिमणी दाणे टिपणारी, पण पिल्लाला दोघंही मुख्यतः किडे आणि अळ्या भरवतात. वाढणाऱ्या शरीराला प्रथिनं लागतात आणि ती सर्वांत सहज मिळतात ती कोवळ्या पानांवरच्या अळीतून. झाड अळ्यांपासून वाचायला पालवी लवकर आणतं आणि जी पानं तरीही खाल्ली जातात, त्यांवरच्या अळ्या उचलायला पक्ष्यांची घरटी तयार असतात. म्हणून वसंतात मी पक्षी बघताना आधी पानं बघतो. कुठे कुरतडलेली दिसतात, तिथे थांबतो.

पुढचं झपाट्याने सांगतो. एप्रिलमध्ये कुडा पांढरा होतो, बहावा पिवळ्या घोसांनी लोंबतो, आपलं राज्यफूल ताम्हण जांभळं होतं. मेमध्ये करवंदं पिकतात. मेच्या अखेरीस पहिले वळीव पडले की दक्षिणेकडून नवरंग पक्षी येतो आणि झुडपांत जमिनीवर उड्या मारत दोन सुरांची शीळ घालतो. तो आला की वसंत संपला असं मी धरतो. नवी मुंबईकरांनी येऊरलाच यायला पाहिजे असं नाही. पारसिकची टेकडी, खारघरचे डोंगर तुमच्या दारात आहेत आणि यातलं पुष्कळ तिथेही बघायला मिळतं.

जाताना काही गोष्टी सांभाळा. वाट सोडून पाचोळ्यात शिरू नका. रातवा नावाचा पक्षी घरटं न करता उघड्या जमिनीवर, पाचोळ्यातच अंडी घालतो आणि पाऊल पडेपर्यंत ती दिसत नाहीत. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. त्याला वाटतं दुसरा नर घुसला, आणि तो खाणंपिणं, पिल्लं सोडून भांडायला येतो. घरट्याचा फोटो काढायला फांद्या बाजूला सारल्या की कावळा आणि टकाचोर यांना आपणच वाट दाखवतो. हे बिबट्याचं घर आहे, तेव्हा एकट्याने जाऊ नका आणि अंधाराआधी बाहेर पडा. आणि काडीपेटी, सिगारेट खाली ठेवून या. या दिवसांतला पाचोळा एका ठिणगीने पेटतो आणि वणवा जमिनीवरची अंडी, रुजू पाहणारी रोपं, सगळं एका दुपारीत नेतो. बहुतेक वणवे माणसांच्याच हातून लागतात.

वही मात्र जरूर ठेवा. एक झाड निवडा, रोजच्या वाटेवरचं असलं तरी चालेल, आणि आठवड्यातून एकदा चार ओळी लिहा. पानं किती, फुलं आली का, फळं कोवळी की पिकलेली, कोण कोण आलं. सीझनवॉच हा देशभरातल्या झाडांच्या अशाच नोंदी गोळा करणारा लोकांचा उपक्रम आहे, तिथे तुम्ही आपलं झाड नोंदवू शकता. हवामान बदलतंय तसं फुलण्याच्या वेळा सरकतायत का, हे कळायला अशाच साध्या, सलग नोंदी लागतात.

काकूंनी आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरचा कडुनिंब निवडला. वाण्याच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावरून लिहायला घेतलं. पाडव्यानंतर महिन्याभराने त्यांनीच मला विचारलं, "तो तुझा लाल कुसुंब हिरवा झाला का रे?" आम्ही पुन्हा गेलो. झाला होता. शेजारच्या करवंदीच्या जाळीतून एक बुलबुल निघाला, कुसुंबाच्या खालच्या फांदीवर बसला, दोन पानं उलटीसुलटी बघितली आणि चोचीत एक हिरवी अळी धरून परत जाळीत शिरला. आतून बारीक चिवचिव आली. काकू हलल्या नाहीत. तो आणखी चार वेळा आला, तेवढा वेळ आम्ही तिथेच उभे होतो.